आजींचा शालू, पहिला ओवसा आणि मधला विरलेला भाग

केस अशी आहे. दापोली तालुक्यात आंजर्ल्याच्या बाजूला एक घर, समुद्र तिथून चालत पाच मिनिटं. धाकट्या मुलाचं लग्न वैशाखात झालं, सून डोंबिवलीची, आणि भाद्रपदात तिचा पहिला ओवसा. कोकणाबाहेरच्यांसाठी एका दमात सांगते, गौरी घरी आल्या की नवी सून फळं, करंज्या, नारळ, विड्याची पानं घालून सुपं भरते, गौरीपुढे ओवसते (ओवाळते) आणि मग ती सुपं घरातल्या, भावकीतल्या मोठ्या माणसांना देत फिरते, प्रत्येकाला वाकून नमस्कार. म्हणजे अर्धा दिवस नुसती उठबस, पाटावर बसा, उठा, वाका, पावसाने निसरड्या झालेल्या जांभ्याच्या पायऱ्या उतरा, परत चढा, आणि हे सगळं अंगावर घरातली सगळ्यात जड साडी घालून. ही उठबस लक्षात ठेवा कारण पुढचे जवळजवळ सगळे निर्णय तिच्यावरूनच झालेत.

घरात आधीपासून ठरलेलं की ओवशाला नवी सून आजींचा (म्हणजे तिच्या आजेसासूबाईंचा) लग्नातला नौवारी शालू नेसणार. मोठ्या सुनेने तिच्या वेळी तोच नेसला होता आणि तेव्हा तो धड होता. मधे आलं 2020, जूनची 3 तारीख, निसर्ग वादळ. दापोलीकडच्या लोकांना वेगळं काही सांगायला नको. ह्यांच्या माळ्यावरची कौलं उडाली, पत्र्याची ट्रंक तिथेच होती, पाणी आत गेलं. वीज नाही, वर पाऊस चालू, माडपोफळी आडव्या पडलेल्या, अशात साड्यांकडे बघायला कोणाला वेळ होता. नंतर कधीतरी ट्रंक उघडून कपडे पंख्याखाली टाकले, सुकल्यासारखे वाटले तसे पुन्हा घडी घालून त्याच ट्रंकेत ठेवून दिले, वर चार डांबरगोळ्या. तो शालू उघडला थेट ह्या वर्षीच्या वटपौर्णिमेला, सून वडाला जाणार म्हणून, आणि नेसवताना कंबरेशी जरा ओढल्याबरोबर टर्रकन आवाज आला. फाटला तो आडवा, हातभर, आणि फाटल्यावर त्यांनी तो धरायला गेल्यावर बोटाखाली आणखी चिरला.

मग काकी (सासूबाई) तो पिशवीत घालून माझ्याकडे आल्या. मी दापोलीत शिवणकाम करते, ब्लाउज आणि नौवारी जास्त. पिशवीबरोबर चार जणींची चार मतंही आली होती. काकींचं म्हणणं जसा आहे तसा रफू करून दे, बाकी काही करू नकोस. सुनेला रेडिमेड शिवलेली नौवारी हवी होती, कारण तिला नेसता येत नाही आणि दिवसभर सुटेल ही भीती, जी मला अगदी पटते. मोठ्या वहिनीचं म्हणणं फाटलाच आहे तर कापूनच टाका, तिच्या मुलीला कॉलेजच्या गॅदरिंगसाठी त्यातून घागरा होईल, मोबाईलवर फोटो सुद्धा तयार. आणि काकींच्या विरारच्या नणंदबाईंचा (आजींच्या लेकीचा) फोन की आईच्या वस्तूत माझाही हिस्सा आहे, पदर मला ठेवा. आजींना कोणीच विचारलं नव्हतं. आजी ऐंशीच्या पुढच्या, पण कान आणि तोंड दोन्ही शाबूत.

माझं एक मत आहे ते आधीच सांगते म्हणजे पुढचं वाचताना गोंधळ नको. जुन्या साडीचं काय करायचं हे साडी ठरवते. रील बघून डिझाईन ठरवायचं आणि मग कापडाला त्यात कोंबायचं, हे नव्या कापडावर चालतं, जुन्या रेशमावर चालत नाही. आधी कापड कुठे जिवंत आहे आणि कुठे संपलंय ते बघायचं, मग नेसल्यावर ताण कुठे येतो ते बघायचं, आणि दोन्ही एकमेकांवर ठेवायचं. डिझाईन नंतर, आपोआप येतं खरं तर.

तर बघितलं. पहिली गोष्ट, घरातले सगळे ह्याला इतकी वर्षं पैठणी म्हणत होते. पैठणी नाही, बनारसी शालू आहे. पैठणीचा पदर हाताने रंगीत धागे एकमेकांत अडकवून विणलेला असतो, त्यामुळे तो दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखा दिसतो, मागे मोकळे धागे लोंबत नाहीत. ह्याच्या उलट बाजूला बुट्टी ते बुट्टी जरीचे धागे मोकळे तरंगत होते. हा काही किमतीचा किंवा मानाचा प्रश्न नाही, शालू काही कमी नसतो, पण कात्री लावायची म्हटलं की हा फरक फार मोठा होतो कारण असे तरंगते धागे कापले की ते टोकाकडून सुटत जातात आणि बुट्टीच निसटून येते. म्हणजे कापायचं तिथे कडा आधी बांधून घ्यावी लागणार हे पहिल्या पाच मिनिटांतच कळलं.

दुसरं जर. कडेचा एक सुटलेला धागा काढून सोनाराकडे दाखवला, कसोटीवर तांबूस रेघ आली नाही, खरी चांदीची निघाली. टेस्टेड जरीत आत तांब्याची तार असते, ती जुनी झाली की लालसर किंवा हिरवट होते, खरी जर काळपट पडते, आणि हिची पडली होती. काकींनी लगेच विचारलं चिंचेने घासू का, भांडी घासतो तशी. नाही! चांदीवर सोन्याचा थर इतका पातळ असतो की घासलं की काळेपणाबरोबर सोनंही जातं, आणि आंबटाने खालचं रेशीम वेगळं दुखावतं. काळी पडलेली जर म्हातारी दिसते, बिघडत काही नाही. (ह्याच जरीपायी मागे एक बोहारीण दारात येऊन बसली होती, "जुनी जर असेल तर द्या" करत, आजींनी तिला चहा दिला आणि शालू दाखवलासुद्धा नाही.)

तिसरं आणि खरं काम, नकाशा. पडवीत स्वच्छ चादर घातली आणि अख्खी नौवारी उलगडली, 8 मीटरच्या थोडी वर भरली. कागदावर लांबट चौकोन काढून त्यात डाग, चिरा, विरलेल्या जागा मांडत गेले. विरलेलं नुसत्या डोळ्याला दिसत नाही, कापड उजेडासमोर धरावं लागतं, मग जाळी झालेली जागा चाळणीसारखी दिसते. दोन गोष्टी निघाल्या. एक म्हणजे गंज. ट्रंकेच्या तळाचा गंज पाण्याबरोबर कापडात उतरला होता आणि घडीच्या थराथरांतून वर गेला होता, त्यामुळे उलगडल्यावर तोच डाग ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा दिसत होता, दरवेळी जरा फिका. गंजाचा डाग हा नुसता डाग नसतो, लोखंड कापडात राहिलं की तिथलं सूत झपाट्याने कुजत जातं, म्हणून त्या जागा बोटाने दाबल्या तरी कुरकुरत होत्या. दुसरी गोष्ट घड्या. वर्षानुवर्षं त्याच रेषेवर दुमडलेलं रेशीम त्या रेषेवरच चिरतं, जरीची साडी असेल तर आणखी लवकर कारण जर कडक आणि रेशीम मऊ, दुमडीवर जर रेशमाला कापते. घडीत सगळ्यात खाली आलेले थर मधल्या भागाचे होते, त्यामुळे गंज, ओल, घडीच्या चिरा हे तिन्ही एकाच जागी जमलेले.

आकड्यात सांगायचं तर पदराच्या बाजूने साधारण पावणेतीन मीटर चांगलं, मग अडीच मीटर गेलेलं, आणि पुढचं तीन मीटर पुन्हा चांगलं. काठ मात्र मधल्या भागातही बऱ्यापैकी धड होते, कारण तिथे वीण दाट.

आता मतांकडे. रफू नाही होणार हे काकींना तिथेच सांगितलं. रफू करायला आजूबाजूचं कापड भक्कम लागतं, सुई ज्या धाग्यात अडकवायची तो धागाच सुटणार असेल तर रफू म्हणजे भोकाशेजारी दुसरं भोक. कोणीतरी त्यांना मागून कॅनव्हास चिकटवून इस्त्री मारायचा सल्ला दिला होता, म्हणजे फ्युजिंग. ते पहिल्या दिवशी फार छान दिसतं आणि नंतर गोंद कडक होतो, रेशीम त्या गोंदाबरोबर तुकड्यातुकड्याने उचलून येतं, आणि एकदा चिकटवलं की परतीचा रस्ता बंद. ड्रायक्लीनला पण नाही म्हटलं, पाण्याचे जुने डाग त्याने जायचे नाहीत आणि मशीनमध्ये गरगरताना त्या चिरांचं काय होईल ते सांगायला ज्योतिषी नको.

शिवलेली नौवारी हा मोह मोठा होता, कारण त्यातच माझं रोजचं काम आहे आणि सून अगदी गयावया करत होती, "ताई प्लीज, मला चेनवाली द्या, मी सहा वारीतसुद्धा पडते." पण शिवलेल्या नौवारीत आत पायजम्यासारखा भाग असतो, बैठकीच्या शिवणीवर आणि गुडघ्यांवर सगळा ताण, मशीनची शिलाई म्हणजे ओळीने भोकं. पाटावर बसल्यावर साठ वर्षांचं रेशीम त्या ओळीवरच उसवणार, उसवणार काय, फाटणारच. आणि पेशवाई, मस्तानी काहीही शिवलं तरी कापडाचे आकाराने तुकडे होतात, पुन्हा लांब साडी होत नाही. नव्या साडीची शिवा की, हवी तितकी शिवा, मला धंदाच आहे.

घागऱ्याचं तर विचारूच नका. घेराला लागणारं कापड मधल्या कुजलेल्या भागातूनच आलं असतं आणि वर नाचायला.

मग मी म्हटलं आजींना विचारूया. म्हणजे परवानगी हवी होतीच, पण मला खरं तर त्यांची नेसायची पद्धत बघायची होती. नौवारी नेसायची तऱ्हा गावागणिक, जातीगणिक, घरागणिक वेगळी, कोणाचा काष्टा कसा, कोणाचा ओचा कसा, त्यामुळे साडीचा कितवा मीटर अंगावर कुठे येतो हे कुठल्याही चार्टवरून सांगता येत नाही. आजी माजघरात खुर्चीत बसल्या, स्वतःचं रोजचं सुती लुगडं आणायला लावलं, आणि बसल्या बसल्या हुकूम देत ते सुनेला नेसवून घेतलं, "आता गाठ मार, घट्ट गो, श्वास घेता येतोय म्हणजे सैल आहे." मी लुगड्यावर आधीच खडूने पावणेतीनवर आणि सव्वापाचवर खूण केलेली. नेसून झाल्यावर खुणांच्या जागी टाचण्या लावल्या, सुनेला पाटावर बसवलं, उठवलं, वाकवलं, पायरी चढायला लावली.

आणि काय दिसलं तर मधला अडीच मीटर जवळजवळ सगळा निऱ्यांत आणि काष्ट्यात जात होता. म्हणजे सगळ्यात कुजका भाग सगळ्यात जास्त ताणाच्या जागी. पण तोच भाग दिसतही सगळ्यात कमी! डाव्या मांडीवर वीतभर पट्टा बाहेर दिसत होता आणि खाली निऱ्यांचे काठ, बस.

मी काही बोलायच्या आत आजीच म्हणाल्या, "मग दंड घाला की. आमचं लुगडं मधे विरलं की आम्ही तेच करायचो. निऱ्यांत कोण बघायला येतंय?" आता हे मी आजींच्या तोंडून ऐकलं म्हणून फार भारी वाटलं असं नाही, माझ्या डोक्यातही तेच चाललं होतं, पण घरातली मोठी बाई बोलली की उरलेल्या चारही मतांचा आवाज बंद होतो. पूर्वी रोजच्या लुगड्याला हे सर्रास व्हायचं, मधला गेलेला भाग काढायचा आणि दोन चांगली टोकं जोडायची, शिवण नेसताना आत जाईल अशी ठेवायची. नुसतं तसं केलं असतं तर शालूची साडेपाच-पावणेसहा मीटरची सहावारी झाली असती, तेही वाईट नाही, पण ओवशाला नौवारीच हवी होती. म्हणून दोन दंड घालायचे आणि मधे नवीन कापड. ताण सगळा नव्या कापडावर, जुनं रेशीम फक्त मिरवायला.

कापड शोधणं हे सगळ्यात कंटाळवाणं प्रकरण झालं, पटकन सांगते. दापोलीत तो रंग मिळाला नाही, चिपळूणला मिळाला नाही, शेवटी काढलेल्या भागातला बोटभर तुकडा नणंदबाईंना पाठवला आणि त्यांनी दादरहून कॉटन-सिल्क साडेतीन मीटर आणलं. त्यांना सांगितलेलं की दुकानाच्या लाईटखाली मॅचिंग करू नका, बाहेर रस्त्यावर येऊन बघा. तंतोतंत जुळलं नाही, जुळणारही नव्हतं, जुना शालू स्वतःच तीन ठिकाणी तीन रंगांचा झालाय. एक छटा गडद घेतली, फिकी घेतली असती तर ठिगळ दिसलं असतं, गडद कापड निरीच्या सावलीत खपून जातं. पूर्ण रेशीम का नाही घेतलं असं सुनेने विचारलं, तर कॉटन-सिल्क घामाला बरं, निसरडं कमी म्हणून निऱ्या जागेवर राहतात, आणि खिशालाही परवडतं. आणल्या आणल्या पाण्यात बुडवून पाणी काढून घेतलं. हे न करता जोडलं असतं आणि पुढे कधी ओलं झालं असतं तर नवं आटणार, जुनं नाही, आणि दंडावर चुण्या.

पन्ह्याचा (म्हणजे कापडाच्या रुंदीचा) एक घोळ होता तो सांगायलाच हवा कारण नौवारीत हा नेहमी येतो. शालूचा पन्हा 48 इंच, नव्या कापडाचा 44. पण शालूचे काठ दोन्ही बाजूंना तीन-तीन इंचांचे, म्हणजे मधलं अंग 42 इंच. मग काढलेल्या भागातले काठ कापून घेतले, त्यांच्या आतल्या कडेला नवीन कापड एक-एक इंच आत सरकवलं आणि बाहेर उरलेल्या काठाखाली त्याच कापडाची पट्टी लावली. पन्हा बरोबर 48 झाला. घडीच्या चिरा काठातून पण गेल्या होत्या चार-पाच ठिकाणी, पण खाली पट्टी असल्याने तिथे आडवे टाके मारून दाबून टाकल्या.

शिलाई सगळी हाताची. दंडाची पद्धत अशी ठेवली की नव्या कापडाची कड दुहेरी दुमडून तिच्या पोटात जुन्या शालूची कड घातली, म्हणजे सुई नव्यातून जाते, जुन्यातून जाते, परत नव्यातून. खेच आली तर ती त्या दुमडीला बसते. जुनी कड कापायच्या आधी तिथे दोन ओळी बारीक धावदोरा घालून तरंगते जरीचे धागे बांधून घेतले होते, आणि कापलं ते बुट्ट्यांच्या ओळींच्या मधल्या मोकळ्या जागेत, अर्धी बुट्टी कुठेच येऊ दिली नाही. कापताना आजी समोर बसून होत्या. "कापायचं तर सरळ काप, भिऊन कापलंस तर वाकडं जाईल," एवढंच.

दोऱ्याबद्दल वेगळं सांगते कारण शिकलेले टेलर सुद्धा इथे घोटाळा करतात. पॉलिस्टरचा दोरा मजबूत म्हणून जुन्या साडीला वापरतात. दोरा कापडापेक्षा मजबूत असला की ताण आल्यावर दोरा तुटत नाही, कापड तुटतं, दोरा करवतीसारखा आत घुसतो. जुन्या कापडाला बारीक सुती किंवा रेशमी दोराच घ्यायचा, तुटला तर दोरा तुटू दे, पुन्हा शिवता येतो. टाकेही फार जवळजवळ नाही मारायचे.

पदर चांगला होता तरी त्याचं वेगळं टेन्शन होतं. ह्यांच्या घरात ओवसताना पदर सुपावर धरतात, म्हणजे पदर हाताच्या मुठीत आवळला जाणार, हाताला तेल, हळद, ओल. पदराखाली धुऊन मऊ केलेली मलमल लावली, बुट्ट्यांच्या कडेकडेने लांब कच्चे टाके, सुलट बाजूने दिसत नाहीत. खांद्यावर जिथे पिन लागते तिथे आतून कॉटन-सिल्कचा हातभर तुकडा जास्तीचा, आणि सुनेला बजावलं की पिन फक्त ह्या तुकड्यातून आणि ब्लाउजमधून जाऊ दे, वरच्या शालूतून नाही. ब्लाउज नवाच शिवला, खणाचा, त्यावर शालूचं काहीच लावलं नाही. सुनेला बाहीला काठ हवे होते पण काखेतला घाम आणि खरी जर, नको ते.

धुतला का, हा प्रश्न मला सगळ्यांनी विचारला. नाही धुतला. ओला पांढरा कापूस कोपऱ्यावर दाबून बघितला, लाल रंग लगेच कापसाला लागला, विषय संपला. आषाढ-श्रावणात कोकणात ओलं रेशीम सुकवायचं कुठे हाही प्रश्नच, ऊन निघालं तरी रेशमाला थेट ऊन दाखवायचं नसतं, उन्हाने ते पिवळं पडतं आणि ठिसूळ होतं, आपल्याकडे कपड्यांना ऊन दाखवायची सवय आहे ती सुतीला ठीक. बुरशी होती ती अंगणाच्या बाजूला, तोंडाला फडकं बांधून, मऊ ब्रशने झटकली, मग नेटचं कापड वर धरून त्याच्यावरून व्हॅक्यूम फिरवला, हळू. डांबरगोळ्यांचा वास जायला मात्र खोलीत काठीवर पंख्याखाली पसरून ठेवायला लागला, आणि तो सगळा गेला नाहीच, गौरीच्या दिवशी अगरबत्तीत मिसळून गेला असेल.

एकीकडे सुनेची नेसायची प्रॅक्टिस चालू होती, वीकेंडला व्हिडिओ कॉलवर, आजी मोबाईल कानाला लावून बोलतायत आणि कॅमेऱ्यात फक्त कान. तिने आपल्या आईच्या जुन्या सुती नौवारीवर सराव केला. मी कंबरेला आतून रुंद सुती नाडीचा पट्टा बांधायला सांगितला, साडीची गाठ त्या पट्ट्यावर बसते म्हणजे रेशीम आवळायला लागत नाही आणि सुटायची भीतीही कमी. चेनवाली नव्हती, पण तिचं समाधान ह्या पट्ट्यावर झालं.

ओवशाच्या दिवशी मी तिकडे गेले होते, ओटी भरायला म्हणा नाहीतर काम बघायला म्हणा. पाऊस धो धो. नेसवायला मोठी वहिनी पुढे होती आणि तिने छान नेसवली, दंड दोन्ही आत गेले, डाव्या मांडीवरचा पट्टा गडद दिसत होता पण त्यावर जुने काठ असल्याने बघणाऱ्याला ती साडीचीच तऱ्हा वाटली. सून पाटावर बसली, उठली, सुपं दिली, शेजारच्या तीन घरांत जाऊन आली, वरून कोणीतरी छत्री धरून. काष्ट्याला काही झालं नाही. झालं ते खांद्याला. दुपारी नणंदबाईंनी फोटोसाठी पदराच्या निऱ्या नीट करायच्या म्हणून वरून एक जास्तीची पिन खोचली, सरळ शालूतून, आणि सुनेने नमस्काराला हात वर केल्यावर तिथे बोटाच्या पेराएवढी चीर पडली. खाली मलमल होती म्हणून पुढे पसरली नाही. नंतर चार टाके मारून बसवली. आणि मी एक अट घातली होती ती पाळली गेली, जेवणाआधी शालू उतरवायचा. आमच्याकडे बऱ्याच घरांत गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो, रश्शाची पातेली फिरत असताना खरी जर अंगावर ठेवून बसायचं म्हणजे आपल्या हाताने संकट ओढवून घेणं.

पैशाचं बोलायचं तर नव्या कापडापेक्षा हातशिलाईची मजुरी कितीतरी जास्त झाली आणि काकींनी त्यावर घासाघीस केली, "एवढ्यात तर नवीन नौवारी आली असती गो." आली असती, खोटं नाही. ज्यांना फक्त दिवस साजरा करायचाय त्यांनी नवीनच घ्यावी, मी गिऱ्हाइकाला हे तोंडावर सांगते.

मधला काढलेला अडीच मीटर, काठ काढून उरलेला, त्याचं काय हा वाद अजून मिटलेला नाही. मोठ्या वहिनीच्या मुलीला त्यातून निदान पर्स तरी हवी होती. पर्सला पण नाही म्हटलं, कापड ज्या जागी दिवसभर हाताळलं जाणार तिथे हे पावडर होणार. फार तर फ्रेममध्ये, काचेला न टेकवता, उन्हाच्या भिंतीवर नाही. तिला ते "बोअर" वाटलं. त्याऐवजी तिला मी आजींचं एक जुनं इरकली लुगडं दाखवलंय, अंग सुती, अजून भक्कम, फक्त पदराच्या जोडाशी उसवलेलं. इरकलीचा रेशमी पदर अंगाच्या ताण्याला धाग्याच्या फासांनी जोडलेला असतो, बऱ्याचदा जातो तो तिथेच. त्याचा घेरदार लाँग स्कर्ट बिनधास्त होईल, हवा तितका नाच, आणि आजींची हरकत नाही.

शालू आता ट्रंकेत नाही. प्लास्टिकच्या पाईपवर आधी धुतलेली मलमल गुंडाळली, त्यावर शालू सुलट बाजू आत ठेवून गुंडाळला, वरून पुन्हा मलमल, प्लास्टिकची पिशवी नाही, डांबरगोळ्या नाहीत, लाकडी कपाटात आडवा. पाईप एवढा लांब कपाटात मावेना म्हणून काकी वैतागल्या, मग शालू लांबीत एकदाच दुमडून, दुमडीत मलमलीची जाड वळकटी घालून गुंडाळला, आणि ती दुमड दर काही महिन्यांनी थोडी सरकवायची असं सुनेने मोबाईलवर रिमाइंडर लावलंय. पावसाळ्यात कपाट उघडायचं नाही, उघडायचं ते दसऱ्यानंतर, हवा कोरडी झाल्यावर.

नणंदबाईंचा हिस्सा राहिला. त्यांना पदर दिला नाही, आजींनीच नाही म्हणून सांगितलं, पण आजींची चंद्रकळा त्या विरारला घेऊन गेल्यात आणि परवाच फोटो पाठवून विचारत होत्या की ह्याचा ड्रेस होईल का. फोटो ट्यूबलाईटखाली, घडी घातलेल्या साडीचा. म्हटलं आधी उलगडा, खिडकीत उजेडासमोर धरून मग पाठवा.